चाकाचे माप आणि उपग्रहाचे माप

सायकलस्वाराला प्रवासात मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात : किती अंतर कापले, कोणत्या वेगाने कापले आणि पुढील मार्ग कोणता. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सांगणारे यंत्र जुने आहे. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर यांनी १८९५ च्या सुमारास सायकलसाठी एक लहानसे मापकयंत्र तयार केले. चाकाच्या आऱ्यावर बसविलेली खुंटी प्रत्येक फेऱ्याला यंत्राच्या दातेरी चक्राला एक टोला देई आणि आतील आकडे पुढे सरकत. १९८० नंतरच्या दशकात या खुंटीची जागा लोहचुंबकाने आणि दातेरी चक्रांची जागा विजेरीवर चालणाऱ्या गणकाने घेतली. पुढे २००५ साली गार्मिन कंपनीने ‘एज’ या नावाने उपग्रहांचे संकेत टिपणारे सायकल-संगणक बाजारात आणले. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेच सामर्थ्य खिशातील फोनमध्ये आले. तेव्हापासून, हँडलवर स्वतंत्र यंत्र बसवावे की हाताशी असलेल्या स्मार्टफोनवरच भागवावे, हा प्रश्न सायकलस्वारांपुढे उभा आहे.

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर भनपुरी हा औद्योगिक भाग आहे. उरला आणि सिलतरा ही कारखान्यांची केंद्रेही याच परिसरात आहेत. येथून रोज सायकलने कामावर जाणारा कामगार आणि येथूनच पहाटे निघून सिमगा, बेमेतरा, कवर्धा या मार्गाने मैकल पर्वतातील चिल्फी घाटापर्यंत जाऊ पाहणारा हौशी स्वार, या दोघांच्या गरजा अगदी भिन्न आहेत. त्या समजून घेण्यापूर्वी दोन्ही साधने माप कसे घेतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

मोजण्याच्या दोन रीती

साध्या सायकल-संगणकात चाकाच्या आऱ्यावर एक चुंबक आणि पुढच्या फोर्कवर एक संवेदक असतो. चुंबक समोरून गेला की एक फेरा मोजला जातो. फेऱ्यांच्या संख्येला चाकाच्या परिघाने गुणले की अंतर मिळते आणि दोन फेऱ्यांमधील काळावरून वेग कळतो. या रीतीला आकाश, ढग, झाडी किंवा बोगदा यांची बाधा होत नाही. मात्र परिघाचा आकडा स्वाराने स्वतः यंत्रात भरावयाचा असतो आणि त्याच्या अचूकपणावर सर्व काही अवलंबून असते. समजा, परिघ २.१५ मीटर असताना २.१० मीटर भरला, तर दोनशे किलोमीटरच्या प्रवासात सुमारे साडेचार किलोमीटरची तूट येईल. यास्तव टायरवर खडूची खूण करावी, स्वाराने सायकलवर बसून चाक सरळ रेषेत दहा फेरे फिरवावे आणि जमिनीवर मोजलेल्या अंतरास दहाने भागावे. स्वाराच्या वजनाने टायर किंचित दबतो, म्हणून हे माप बसूनच घ्यावयाचे असते.

दुसरी रीत उपग्रहांची आहे. जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि स्थाननिश्चितीसाठी त्यांपैकी किमान चारांचे संकेत मिळावे लागतात. या व्यवस्थेच्या नागरी संकेतांत अमेरिकी शासन हेतुपुरस्सर त्रुटी ठेवीत असे. मे २००० मध्ये ती काढून टाकण्यात आली आणि तेव्हापासून सामान्य माणसाला तिचा खरा उपयोग होऊ लागला. भारताच्या स्वतःच्या प्रादेशिक उपग्रह-व्यवस्थेला २०१६ साली ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन आपले स्थान सुमारे पाच मीटरांच्या आत सांगू शकतो. वाट दाखविण्यास एवढी अचूकता पुरेशी आहे. परंतु उपग्रहावरून मोजलेले अंतर म्हणजे वस्तुतः क्रमाने टिपलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या लहान लहान सरळ रेषांची बेरीज होय. त्यामुळे नागमोडी घाटात वळणे थोडी छाटली जातात. उलट स्वार चहाच्या टपरीवर थांबला असताना टिपलेला बिंदू इकडेतिकडे सरकत राहिला, तर न केलेल्या प्रवासाचेही अंतर नोंदले जाऊ शकते.

येथे एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. महागड्या सायकल-संगणकाचे उपग्रहमापन फोनपेक्षा मुळातच श्रेष्ठ असते, असे नाही. दोघांचे तत्त्व एकच आहे. चांगल्या सायकल-संगणकाला चाकाचा संवेदक जोडता येतो आणि त्यात हवेचा दाब मोजण्याची सोय असते, हा त्याचा लाभ. सुमारे आठ-नऊ मीटर चढले की हवेचा दाब एक मिलिबारने उतरतो, या नियमावरून तो चढ मोजतो. उपग्रहावरून उंची काढताना आडव्या स्थानापेक्षा अधिक चूक होते. म्हणून चढाचे माप दाबावरून घेतलेलेच अधिक विश्वसनीय ठरते. मात्र हवामान पालटले की दाबही पालटतो, हे विसरू नये. काही फोनांतही ही सोय असते; तथापि सर्वच फोनांत ती असेल, असे गृहीत धरता येत नाही.

ऊन, पाऊस आणि धक्के

मापनाच्या तत्त्वापेक्षा या दोन साधनांतील खरा भेद त्यांच्या बांधणीत आहे. बहुतेक सायकल-संगणकांचा पडदा बाहेरचाच प्रकाश परावर्तित करतो. ऊन जितके प्रखर, तितका तो स्पष्ट वाचता येतो आणि त्यासाठी वीजही फारशी लागत नाही. फोनच्या पडद्याला मात्र उन्हाशी स्पर्धा करण्यासाठी स्वतःचा प्रकाश वाढवावा लागतो. त्याने विजेरी झपाट्याने उतरते आणि फोन तापतो. ज्या रायपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नाही. अनेक फोन पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्याच्या दृष्टीने बनविलेले असतात. त्याहून अधिक तापल्यास ते पडदा अंधुक करतात किंवा काही काळ बंदच पडतात. पावसात ओल्या बोटांना स्पर्शपडदा नीट दाद देत नाही. बटणांवर चालणाऱ्या यंत्रास ही अडचण येत नाही. धक्क्यांचेही तसेच आहे. मोटारसायकलच्या शक्तिशाली इंजिनाच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची रचना बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ साली दिला होता. सायकलला इंजिन नसते. परंतु खडबडीत रस्त्यावर ताठ हँडलला जखडलेला फोन सतत हादरे सोसत असतो, हे खरेच.

मदतीचे साधन

तथापि या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी जोडीने ती पार केली होती. या स्पर्धेत स्वाराच्या मागे सहायकांची मोटार असते. मार्ग शोधणे, पाणी देणे, बिघाड दुरुस्त करणे, ही कामे ते सांभाळतात. अशा स्वाराच्या हँडलवरील यंत्र बंद पडले, तरी त्याची सुरक्षितता त्यावर अवलंबून नसते.

याउलट ब्रेव्हे या नावाच्या दीर्घ पल्ल्याच्या सायकलयात्रांत दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि सहाशे किलोमीटरसाठी चाळीस तासांची मुदत असते. ठरावीक तपासणी-नाक्यांखेरीज वाटेत कोणाचीही व्यक्तिगत मदत घेता येत नाही. मैकलच्या वाटेवर एकटा निघालेला हौशी स्वारही याच स्थितीत असतो. पडझड झाली, वाट चुकली वा रात्र झाली, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावण्यासाठी त्याच्यापाशी एकच साधन असते, ते म्हणजे फोन. दिवसभर वेग दाखविण्यात तीच विजेरी खर्ची पडली असेल, तर ऐन वेळी मदत मागण्याचा मार्गच बंद होतो. म्हणूनच अशा प्रवासात स्वतंत्र यंत्राचे मोल त्याच्या आकड्यांपेक्षा अधिक ठरते. त्याच्यामुळे फोन खिशात, थंड आणि भरलेला राहतो. दुसरे यंत्र घेणे परवडत नसेल, तर फोन हँडलवर न लावता त्याचा पडदा बंद ठेवावा, मार्गाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, वळणाची सूचना आवाजाने ऐकावी आणि जवळ एक जादा विजेरी-संच बाळगावा. नोंदीचे काम फोन खिशातूनही करतो.

रोजच्या वाटेवरील स्वार

भनपुरीहून कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचा हिशेब याहून सोपा आहे. त्याची वाट पाठ असते आणि अंतर एकदा मोजले की पुन्हा मोजण्याचे कारण उरत नाही. त्याला यंत्र हवेच असेल, तर चुंबकावर चालणारे साधे यंत्र पुरेसे आहे. ते अल्प किमतीत मिळते आणि नाण्याएवढ्या विजेरीवर महिनोन् महिने चालते. परंतु त्या पैशांचा अधिक चांगला उपयोग मागचा लाल दिवा, परावर्तक आणि ब्रेकचे नवे रबर घेण्यात होईल. अवजड मालमोटारींच्या रस्त्यावर कोणताही पडदा, मग तो यंत्राचा असो वा फोनचा, एक धोका घेऊनच येतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर पडद्यावर खिळली, तर तेवढ्यात अकरा मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो.

तेव्हा निवड करताना यंत्राच्या गुणांची यादी वाचण्यापूर्वी स्वाराने आपल्या वाटेचा विचार करावा. वाट ओळखीची आणि जवळची असेल, तर काहीही न घेता चालेल. शहराभोवतीच्या सकाळच्या फेरीची नोंद ठेवावयाची असेल, तर खिशातला फोन पुरे. एकट्याने दूरवर, उन्हापावसात जावयाचे असेल, तर मात्र मोजण्याचे साधन आणि मदत मागण्याचे साधन ही दोन निरनिराळी असणेच शहाणपणाचे आहे.