तबकडीवर नाव नाही, ट्रम्पेट मात्र ओळखू येतो

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर चित्रपटाचे आणि गायकाचे नाव छापले जाई. साथीच्या वादकांची नावे जवळजवळ कधीच नसत. ‘महल’ चित्रपटाच्या (१९४९) तबकडीवर तर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव होते, तिथे साथीला बसलेल्या ट्रम्पेटवाल्या गोवेकर वादकाची दखल कोण घेणार? तरीही त्याला कानाने ओळखता येते. अट एकच, पडताळ्याला त्याचे नावानिशी ध्वनिमुद्रण हवे. उदाहरणार्थ, गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेव्हियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांच्या स्वतःच्या बँडच्या तबकड्या आहेत. त्या ऐकून मग संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ चित्रपटातील (१९५१) ट्रम्पेटकडे वळावे. स्वर कसा फुटतो, लांबवलेल्या स्वराच्या शेवटी कंप किती, श्वास कुठे तोडला, हे वारंवार जुळले तर अंदाजाला वजन येते.

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची छाप तेव्हा अनेकांवर होती, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय तबकडी ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरली तर स्वर सुमारे पाव स्वराने चढतो, कंपही जलद भासतो. म्हणून आधी वेग जुळवावा आणि लिहून दिलेल्या ओळींपेक्षा उत्स्फूर्त जागा तपासाव्यात. नक्कल तिथे सुटते, वादकाची स्वतःची सवय उघडी पडते. एवढे करूनही कागदाचा किंवा सहवादकाचा दुजोरा मिळेपर्यंत नावापुढे ‘बहुधा’ लिहावे. घरात जुनी तबकडी असेल, तर ती भंगारात देण्याआधी लेबलाचा आणि त्याभोवती कोरलेल्या क्रमांकाचा फोटो तेवढा काढून ठेवा.