एक लाक्सा, गावोगावचे रस्से
लाक्सा म्हणजे रश्शातल्या शेवया; पण मलेशियात टपरीवर नुसता ‘लाक्सा द्या’ म्हटलं तर वाडग्यात काय येईल, हे गावावर ठरतं. पेनांगचा असाम लाक्सा कोकणी जिभेला लगेच पटावा. नारळाचं दूध नाही. बांगडा उकडून, काटे काढून कुस्करलेला आंबट-तिखट रस्सा आणि त्यात तांदळाच्या जाड, गुळगुळीत शेवया. आंबटपणा चिंचेचा आणि ‘असाम गेलुगोर’च्या वाळवलेल्या चकत्यांचा; हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना, आल्याच्या जातीच्या एका फुलाची चिरलेली गुलाबी कळी आणि शेवटी चमचाभर काळी, दाट कोळंबीची चटणी. तिचा वास उग्र, पण ती वगळली तर मजाच गेली.

सारावाकचा लाक्सा बारीक शेवयांचा, नारळाच्या दुधाचा. वर कोळंबी, चिकन, ऑम्लेटच्या पट्ट्या. केलांतानात तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या पातळ पोळ्या गुंडाळून, कापून मासळी-नारळाच्या पांढऱ्या रश्शात घालतात. जोहोरमध्ये तर चक्क स्पॅगेटी, आणि तीही हातानं खायची जुनी रीत!

शाकाहारी मंडळींनी जपून. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी रश्शात बहुतेक वेळा मासे किंवा कोळंबी असते, म्हणून आधी विचारा.