हिमाच्या बांधाची सरोवरे

संत तुकाराम नगरच्या नळांस येणारे पाणी पवनेचे होय. मावळातील पवना धरण पावसाळ्यात भरते व वैशाखात बरेच खाली जाते. परंतु त्यातून पाणी किती सोडावे हे माणूस ठरवितो. हिमालयापलीकडे काराकोरम पर्वतात अशीही धरणे होतात, की ज्यांचे द्वार पाणी स्वतःच उघडते.

हिमनदी म्हणजे मंदगतीने सरकणारा बर्फाचा प्रचंड लोंढा. बाजूच्या दरीतून ती मुख्य नदीस आडवी आली, की मागे सरोवर साठते. मग एवढा बांध फुटतो कसा? पेल्यातील पाण्यात बर्फाचा खडा टाकून पाहावा. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग बुडतो, उरलेला वर तरंगतो. म्हणून सरोवराची खोली बांधाच्या उंचीच्या नऊ दशांशांजवळ आली, की तो अजस्र बांधही कित्येकदा तळापासून उचलला जाऊ लागतो. खालून वाट सापडलेले पाणी बर्फ वितळवीत बोगदा रुंदावते आणि सरोवर थोड्याच दिवसांत रिते होते. पुढे हिमाच्या भाराने बोगदा मिटतो व पाणी पुन्हा चढू लागते. किर्गिझस्तानातील मेर्झबाखर सरोवरात हा खेळ बहुतेक प्रतिवर्षी चालतो.

खेळ म्हणावा, पण खाली गावे असतात. श्योक नदीस अडविणारा चोंग कुमदान हिमनदीचा बांध 1926 साली फुटला. ऑगस्ट 1929 मध्ये तो पुन्हा फुटला, तेव्हा पूर सिंधूत उतरून शेकडो मैलांवरील अटकेसही पाणी चढले. मराठी फौजा 1758 साली पोहोचल्या होत्या तेच हे अटक. आता अशा सरोवरांवर कृत्रिम उपग्रहांची नजर असते. पातळी चढत असल्याचे त्यांवरून समजते. फुटण्याचा नेमका दिवस मात्र समजत नाही.