चाळीस मायक्रॉनांची पुंजी

शहापूर तालुक्यातल्या भातसानगरला माझा मामेभाऊ राहतो. भातसा धरणाच्या वसाहतीजवळ त्याची दोन खोल्यांची जागा आहे, दारात एक जांभूळ आहे आणि त्या जांभळाखाली १९९६ सालची मर्सिडीज. भंगाराच्या भावाला चार पैसे जास्त देऊन घेतलेली. एसटीच्या थांब्यावरचे लोक तिला 'सायबाची गाडी' म्हणतात. तो साहेब कोण होता, हे मामेभावालाही ठाऊक नाही. गाडी आणली तेव्हा इंजिन उत्तम होतं, अंगकाठी मात्र गेलेली. निळा रंग पांढुरका पडलेला, टपावर पापुद्रे सुटलेले, बॉनेटवर उन्हात पाहिलं की कोळ्याने विणल्यासारखं गोल गोल जाळं. "नुसतं पॉलिश मारलं की झालं," असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

ही गाडी साधी नव्हे, आणि तिचं माहेर परदेशात नाही, पुण्यात आहे. टेल्को आणि डायमलर-बेन्झ यांनी १९९४ साली भागीदारी केली आणि १९९५ पासून पिंपरीत मर्सिडीजची ई वर्गातली गाडी जुळवली जाऊ लागली. तिची कारखान्यातली ओळख डब्ल्यू १२४. जगात हा साचा १९८४ च्या अखेरीस आला आणि पुढे पंचवीस लाखांहून अधिक गाड्या त्यावर निघाल्या. आपल्याकडे ती आली तेव्हा तिकडे तिची सद्दी संपत आली होती. पण पिंपरीतून बाहेर पडलेली ती मर्सिडीज बघायला आमच्या ओळखीतले एक काका मुद्दाम पुण्याला गेले होते, तेही फाटकाबाहेरून. मर्सिडीजचा स्वतःचा चाकणचा कारखाना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००९ साली सुरू झाला.

ब्रुनो साक्को या इटालियन माणसाच्या हाताखाली या गाडीचा देह घडला. १९७५ ते १९९९ अशी चोवीस वर्षं तो मर्सिडीजच्या आराखड्याचा प्रमुख होता. २०२४ च्या सप्टेंबरात तो गेला. गाडीच्या दारांखाली जे रुंद प्लास्टिकचे पट्टे असतात त्यांना जर्मनीत 'साक्कोच्या फळ्या' म्हणतात. जुन्या गाडीत या फळ्या खरोखर डोकेदुखी असतात. त्यांच्यामागे चिखल आणि पाणी साचतं, जॅक लावायच्या जागी पत्रा आतून सडतो, आणि बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून जाणता पेंटर आधी फळी काढतो, रंगाचं मागाहून बघतो. या गाडीचा एक गुणही सांगायला हवा. पुढचे दिवे काचेचे आहेत. आजच्या गाड्यांचे प्लास्टिकचे दिवे पाच-सात वर्षांत पिवळट होतात, हिचे तीस वर्षांनीही स्वच्छ असतात. नुसते धुवायचे.

आता रंगाकडे. गाडीचा रंग म्हणजे पत्र्यावर लावलेलं एक रंगीत लेपण, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो थरांचा ढीग आहे: पत्र्याला गंज लागू नये म्हणून विजेच्या साहाय्याने बसवलेला पहिला लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर. गॅरेजमध्ये या शेवटच्या थराला 'क्लिअर' म्हणतात. सगळं मिळून कारखान्यातून निघताना शंभर ते दीडशे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनांचा. म्हणजे अख्खा रंग दोन केसांइतका, आणि त्यातला क्लिअर जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉन. झळाळी असते ती तेवढ्यातच.

आणि ही झळाळी वरून लावता येत नाही. मला ही गोष्ट कळायला वेळ लागला. तकाकी म्हणजे सपाटपणा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर प्रकाश एकाच दिशेने परततो आणि जांभळाची फांदी बॉनेटमध्ये स्वच्छ दिसते. त्यावर हजारो बारीक ओरखडे असले की प्रकाश इतस्ततः उडतो आणि निळा रंग धुरकट वाटतो. ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर उतरवावा लागतो. म्हणजे पॉलिश करणं हे काढणं आहे, चढवणं नाही. आपल्या भाषेत यासाठी एक जुना नेमका शब्द आहे: घोटणे. पोथ्यांसाठी कागद दगडाने घोटत, वाड्याच्या भिंतींचा चुना घोटत. गाडीचं कामही त्याच कुळातलं. फरक इतकाच, की भिंतीला पुन्हा गिलावा करता येतो, आणि हिची पुंजी चाळीस मायक्रॉनांची. एक हलकं पॉलिश एक ते तीन मायक्रॉन खातं, जाड कंपाउंड त्याहून जास्त. शिवाय उन्हापासून रंग वाचवणारी रसायनं याच क्लिअरमध्ये असतात. तो पातळ झाला की ऊन आत घुसतं, खालचा रंग फिका होतो आणि एके दिवशी क्लिअर पापुद्र्यांनी उठतो. तिथे कोणतंही पॉलिश चालत नाही. टपावर हेच झालं होतं.

मग ते जाळं कुठून आलं? उत्तर शहापूर-मुरबाडच्या मातीतच आहे. दिवाळीनंतर या भागात वीटभट्ट्या लागतात आणि जळणात भाताचं तूस असतं. तुसाची राख सिलिकाने ठासून भरलेली. आमच्या आजोळी तिच्यानेच तांब्याची भांडी घासत, आणि भांडी लखलखीत होत ती राख खरखरीत असते म्हणूनच. रोज सकाळी तीच राख गाडीवर बसते. मालक कोरडा फडका घेऊन बाहेर येतो आणि मनापासून गाडी 'पुसतो'. तो गाडी घासत असतो, भांड्यासारखी. एकदा हे लक्षात आल्यावर मला रस्त्यावरच्या प्रत्येक कोरड्या फडक्याची धास्ती वाटू लागली.

दुसरा गुन्हेगार पाणी. बोअरचं पाणी जड, म्हणजे बेसॉल्टच्या खडकातून आलेले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेलं. तापलेल्या बॉनेटवर ते शिंपडून तसंच वाळू दिलं तर थेंबाच्या जागी पांढरं वर्तुळ राहतं, पुढे पुढे खड्डाच पडतो. नवा डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतो, जुना घोटूनच जातो. तिसरा गुन्हेगार दारातलं जांभूळ आणि त्यावर बसणारे बुलबुल. जांभळी विष्ठा उन्हात दोन दिवस राहिली की क्लिअरमध्ये तिचा नकाशा उमटतो. चौथा गुन्हेगार आमच्या हातचा आहे, सांगायला संकोच वाटतो. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, झेंडूची माळ बांधतात आणि ती माळ सुकून पडेपर्यंत काढत नाहीत. पारंपरिक कुंकू हळदीत चुना किंवा खार मिसळून होतं, आणि अशा खाराशी रंगाचं जमत नाही. मामेभावाच्या गाडीवर मागच्या कुणा मालकाच्या श्रद्धेची खूण अगदी नीट वाचता येत होती.

पहिलं गॅरेज कोणतं, हे महत्त्वाचं नाही. तिथे गाडी दिली, त्यांनी एका दुपारी ती चकचकीत करून परत केली. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. महिन्याने दोन धुण्यांनंतर जाळं जसंच्या तसं. त्यांनी तेलकट, सिलिकॉनचं पॉलिश ओरखड्यांत भरलं होतं. वापरलेल्या गाड्या विकताना हाच प्रकार चालतो. गाडी उन्हात न दाखवता सावलीत दाखवली, तर समजून घ्यावं.

मग एका जाणत्या पेंटरकडे गाडी नेली. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, इंजिनाचा आवाज ऐकला नाही. खिशातून जाडी मोजणारं छोटं यंत्र काढलं आणि पाऊण तास पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवत राहिले. यंत्र चुंबकी तत्त्वावर पत्र्यापासूनचं अंतर सांगतं. डाव्या दाराला १२५, मागच्या डिकीला १३०. म्हणजे मूळ रंग. बॉनेटला २६०, म्हणजे पूर्वी कुणीतरी दुसऱ्यांदा रंगवलेला. उजव्या मागच्या फेंडरला यंत्र १२०० च्या पुढे गेलं. "लांबी भरलीये," दादा म्हणाले. लांबी म्हणजे पुट्टी. तिथे गाडी एकदा आपटली होती. मामेभावाला हे तोपर्यंत माहीत नव्हतं.

या धंद्याची भाषा मोठी मजेदार आहे. ड्यूको, पुट्टी, लांबी, रबिंग, बफिंग, घासाई. ड्यूको हे एका अमेरिकन रंगाचं नाव. त्याआधी गाडीला तेलाचा वार्निश रंग दिला की तो वाळायला आठवडे लागत. १९२३ साली ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्सने नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला, काही तासांत वाळणारा हा रंग ओकलंड नावाच्या गाड्यांवर चढवला. ज्या सेल्युलोजपासून महायुद्धात तोफांची दारू होई, त्याचाच हा भाऊबंद. तो रंग कारखान्यांतून गेला, पण नाव शहापूरच्या गॅरेजात अजून शाबूत आहे, आणि सुतार कपाटालासुद्धा 'ड्यूको मारतो'. मोटारींच्या रंगाचा आपला स्वतःचा इतिहासही मुंबईतला आहे. लोअर परळला १९२० साली गहागन पेंट्स म्हणून निघालेली कंपनी आज कन्साई नेरोलॅक आहे आणि मोटार कारखान्यांना रंग पुरवणाऱ्यांत आघाडीवर आहे.

दादांनी काम असं केलं. आधी सावलीत, दोन बादल्यांनी धुणं. एका बादलीत साबण, दुसरीत नुसतं पाणी, आणि फडका दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच साबणात. मग चिकणमातीसारखा एक गोळा, जपानातून आलेला. उकडीसारखा मळायचा आणि ओल्या रंगावरून अलगद फिरवायचा. धुऊनही न गेलेले डांबराचे ठिपके, लोखंडाचे कण तो उचलतो. आधी हात फिरवला तर सँडपेपर, नंतर काच. पुढे एका कोपऱ्यात, दोन हात लांबीच्या चौकोनात, सगळ्यात सौम्य पॉलिशने प्रयोग. तेवढ्याने भागलं तर जाड कंपाउंड वापरायचं नाही, हा त्यांचा नियम. खोल ओरखड्यांवर २००० आणि ३००० नंबरचा पाण्याचा कागद, तोही बोटांना कळत कळत. मग घोटायचं यंत्र. सरळ गोल फिरणारं जुनं यंत्र पटकन कापतं, पण नवख्याच्या हातात उष्णतेने रंग जाळतं आणि उन्हात इंद्रधनुष्यी वर्तुळं सोडतं. आता डगमगत फिरणारी यंत्रं मिळतात, ती हळू पण क्षमाशील. पत्र्याच्या कडांवर आणि दुमडीवर दादांनी निळी चिकटपट्टी लावली होती, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि आधी तिथूनच उडतो. शेवटी मेण. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा. ते घोटत नाही, झाकतंही नाही, फक्त महिना-दोन महिने पाणी अडवतं. सिरॅमिक कोटिंगची जाहिरात हल्ली फार आहे. ते टिकतं जास्त, पण खालचे ओरखडे आहेत तसेच गोठवून ठेवतं.

टप मात्र घोटून निघणार नव्हतं. तिथे क्लिअर संपलेला. खरवडून पुन्हा रंगवायचं, तर दादा म्हणाले, "पाऊस संपू द्या." शहापूरच्या जुलैत हवा पाण्याने भरलेली असते. थिनर उडताना पत्रा गार पडतो, वाफ त्यावर जमते आणि ओला रंग दुधासारखा पांढरा होतो. म्हणून दसरा ते होळी हा त्यांचा हंगाम. आणखी एक गोष्ट बघून मात्र वाईट वाटलं. आजच्या क्लिअरमध्ये घट्ट होण्यासाठी जे दुसरं द्रव मिसळतात त्यात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला की दमा जडतो, आणि एकदा जडला की थोडाही वास सहन होत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजांत पेंटर नाकाला हातरुमाल बांधतात. रुमालाने धूळ अडते, आयसोसायनेट नाही. दादांकडे मुखवटा होता, पण त्यांच्या पोऱ्याकडे नव्हता.

आणि पाण्याचं मी मनातल्या मनात किती वेळा मोजलं! दोन बादल्या आणि घासाईचं पाणी मिळून पाऊणशे लिटर गेलं असेल; पाइप लावून धुतलं असतं तर कितीतरी जास्त. भातसा धरण सुमारे ८८ मीटर उंच आहे आणि मुंबईच्या सात जलाशयांत मिळून जे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यातलं ७ लाख १७ हजार एकट्या भातशात. म्हणजे मुंबईच्या सोसायट्यांत पहाटे एका बादलीत, एकाच फडक्याने वीस गाड्या पुसणारा माणूस निम्म्या वेळा याच पाण्याने पुसत असतो, आणि वीसही गाड्यांवर तेच जाळं विणत असतो. त्याच वेळी एप्रिल-मेमध्ये शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात. दादांचं गॅरेज अशाच एका पाड्याच्या रस्त्यावर होतं. त्यांनी मे महिन्यात घासाईचं काम घेणं बंद केलं होतं. कारण विचारलं तर "पाणी नाय" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

मामेभावाने मध्यंतरी गाडीचा रंगच बदलायचा विचार केला होता, चांदीसारखा. मी म्हटलं, आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, तो बदलून घ्यावा लागेल. त्यावर त्याने आणखी एक स्वप्न सांगितलं, ही गाडी 'व्हिंटेज' नोंदवायचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी तशी नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. शुल्क वीस हजार. त्याने बोटांवर हिशेब केला, २०४६. तोपर्यंत मूळ निळा टिकवायचा, तर उरलेले मायक्रॉन जपायला हवेत.

दिवाळीच्या आधी गाडी परत आली. दारं, डिकी, फेंडर आरशासारखे. बॉनेट दुसऱ्यांदा रंगवलेलं असल्याने छटेत किंचित वेगळं, पण उन्हात बारकाईने पाहिलं तरच कळणारं. टपाचं काम पैशांअभावी पुढे ढकललं. पापुद्रे काढून त्या भागाला नुसतं मेण लावलं आहे. तो पांढुरका चट्टा वरच्या मजल्यावरून तेवढा दिसतो. मामेभाऊ तळमजल्यावर राहतो.