काचपेटीत मासे ठेवताना सोयरीक पाहा



बाजाराच्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीतले रंगीत मासे दिसले की मुले हट्ट धरतात आणि घरी काचेची पेटी येते. दुकानदार दोन हे, दोन ते, एक मोठा असे सात-आठ मासे मोजून देतो. पंधरा दिवसांत निम्मे मरतात. पोरे हिरमुसतात, पैसे जातात आणि ‘आपल्याकडे मासे जगत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. मारका बैल आणि कोवळे वासरू आपण एका दावणीला बांधत नाही. पेटीतील माशांची निवड करतानाही तेवढाच विचार करावा लागतो.

आधी घरचे पाणी पाहा. साबणाला फेस येत नसेल आणि पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसत असेल, तर ते पाणी जड समजावे. बऱ्याच विहिरींचे व बोअरचे पाणी असेच असते. स्वयंपाकाला नकोसे वाटणारे हे पाणी गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या माशांना मात्र चांगले मानवते. हे मासे अंडी न घालता थेट पिले देतात. निऑन टेट्रा दुकानात सर्वांत देखणा दिसतो, पण तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ पाण्यातला. जड पाणी असलेल्या घराने त्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्यानंतर स्वभाव. टायगर बार्ब दिसायला पट्टेदार आणि चपळ, पण दुसऱ्यांचे पर कुरतडण्याची त्याला खोड. एंजल शांतपणे तरंगतो खरा, परंतु मोठा झाला की तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर झुंज ठरलेलीच. लांब शेपटीच्या रंगीत गप्पीलाही तो कधी कधी प्रतिस्पर्धी समजतो. गोल्डफिश गरीब आहे, पण त्याला थंड पाणी हवे आणि तो घाणही फार करतो. ऑस्कर तर फूटभर वाढतो. त्याचे लहान पेटीत कामच नाही.

मग ठेवावे काय? दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू-गोटे वजा जाता ४५ ते ५० लिटर धरा. एवढ्यात सहा झेब्रा डॅनिओ, आणि प्लॅटीचा एक नर व तीन माद्या सुखाने राहतात. झेब्रा आपल्याच देशाच्या पूर्वेकडील ओढ्या-नाल्यांतला, काटक मासा. तो कळपाने राहतो, म्हणून सहापेक्षा कमी घेऊ नयेत. प्लॅटीबरोबर स्वोर्डटेल ठेवल्यास संकर होतो, तेव्हा दोहोंपैकी एकच निवडा. नर एक आणि माद्या दोन-तीन हे प्रमाण पाळले म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरविला जात नाही. हिवाळ्यात पाणी २४ अंशांखाली जाऊ लागले तर लहान हीटर बसवावा.

सगळे मासे एकाच दिवशी मात्र सोडू नका. जमिनीत टाकलेल्या युरियाचे जिवाणू जसे अमोनिया आणि पुढे नायट्रेट करतात, तसेच माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे पेटीतले जिवाणू करतात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. त्यांची संख्या वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पाणी विम्ल असेल तर अमोनिया अधिकच मारक ठरतो. म्हणून प्रथम तीन-चार झेब्रा सोडा, चिमूटभरच खाद्य द्या, दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. बाकीचे मासे नंतर आणा. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टी.सी.एल. टाकलेली असते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच वापरावे.

शेवाळ खातो म्हणून ‘सकर’ नावाचा काळपट मासा गळ्यात मारला जातो. बोटभर असतो तेव्हा ठीक, पुढे तो फुटापेक्षा मोठा होतो आणि कंटाळलेले लोक त्याला नदीत सोडतात. उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या. ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात कधीही सोडू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांपुरती. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉईड औषधे माशांना अत्यंत विषारी असतात. फवारणी करून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पेटीत हात घालू नका, आणि पेटीच्या खोलीत फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे ठेवू नका. डासांसाठी औषध मारायचेच असेल, तर पेटी झाकून हवेचा पंप तेवढा वेळ बंद करावा आणि खोली मोकळी झाल्यावर पुन्हा सुरू करावा.