शुभ लाकडी बाहुल्यांचा व्यवसाय: बाहुली विका, चमत्कार विकू नका!

बीड जिल्ह्यातून बरेच जण विचारतात, "सर, कमी भांडवलात महालक्ष्म्यांच्या सीझनला काय विकता येईल?" आज एक पर्याय बघू: कोरीव लाकडी बाहुल्या.

मागणी कुठून येते?
आपल्याकडे महालक्ष्म्यांपुढे खेळण्यांची आरास मांडतात. जुन्या घरांत मुलींच्या खेळात लाकडी ठकी असायची. तमिळनाडूत नवरीला राजा-राणीची लाकडी जोडी शुभ म्हणून देतात. बंगालमधल्या नतूनग्रामचं लाकडी घुबड लक्ष्मीचं वाहन म्हणून लोक घरात ठेवतात. म्हणजे गिऱ्हाईक नुसतं लाकूड नेत नाही, त्यामागची भावनाही नेतं.

माल कुठला?
सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्या हलक्या पोनिकी लाकडात कोरतात. शक्यतो थेट कारागिराकडून घ्या आणि पक्कं बिल मागा.

हिशोब आधी
समजा, एक बाहुली १५० रुपयांना पडली. वाहतूक-तूटफूट १५, डबा २०, स्टॉलखर्च २५. झाले २१० रुपये. ४० नगांना ८,४०० लागले. ३०० रुपयांनी विकलं तर २८ नगांत पैसे वसूल. उरलेले १२ नग हा तुमचा नफा. म्हणून पहिल्याच वर्षी २०० नग उचलू नका! महालक्ष्म्यांत राहिलेला माल नवरात्रात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या गर्दीत काढता येतो.

इथे सावध राहा
"ही घरात ठेवा, हमखास पैसा येईल," असं बोर्डावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी शक्तीचा दावा करून वस्तूंची टीव्हीवर जाहिरात करणं बेकायदेशीर ठरवलं. बीड याच खंडपीठाखाली येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याच्या घरी खोटी आशा विकायची का? "शुभ मानतात, परंपरा आहे" एवढं खरं सांगा. तेवढ्यावर माल जातो.

दुसरी गोष्ट. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून माल घेताना कारागिराच्या नोंदणीची प्रत मागून ठेवा.

स्वतः घडवत असाल तर
पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत मिळू शकतं.

आता वही घ्या आणि तुमच्या गावचा हिशोब मांडा. आकडा जुळला, तरच माल उचला!