तोंडी पास, लेखी नापास

मुलुंडची शाळा असो की बोरिवलीची, आठवीच्या वर्गात असं एखादं मूल असतंच. इतिहासाचा धडा तोंडी घडाघडा सांगतं. तोच लिहायला बसलं की ओळी गाळतं, जोडाक्षरं मोडतं, घंटा झाली तरी दोन प्रश्न कोरेच. वहीवर शेरा पडतो : ‘अभ्यास करत नाही.’

हा शेरा चुकीचा आहे. अध्ययन अक्षमता म्हणजे आळस नव्हे आणि मंदबुद्धीही नव्हे. निदान करताना बुद्ध्यांक चाचणी घेतात ती बुद्धी कमी नाही ना, हे पाहायलाच. अडचण असते ती वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांपुरती. शाळकरी मुलांत तिचं प्रमाण ५ ते १५ टक्के मानलं जातं, म्हणजे ६० च्या वर्गात तीन ते नऊ मुलं. तरीही १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात तिचं नाव नव्हतं. ते आलं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत.

‘इंग्रजी माध्यमामुळे होतं, मराठीत घाला’ हा सल्ला अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत ऐकू येतो. देवनागरीत लिहू तसं वाचतात, हे खरं. पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अशा मुलाची दमछाक इथेही होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अक्षमतेची, चाचणी म्हणूनच मराठीतही तयार झाली आहे.

अशा मुलांना दहावीत मिळणाऱ्या सवलतींबद्दल इतर पालकांची कुरकुर असते : ‘फुकटचे मार्क!’ महाराष्ट्रात या सवलती १९९६ पासून आहेत. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरजेनुसार लेखनिक मिळतो. हा लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो आणि विद्यार्थी सांगेल तेवढंच लिहितो. उत्तर मुलालाच यावं लागतं.

सगळ्यांत घातक समज मात्र वेगळाच आहे : सवलतींसाठी लागणारं अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं की काम झालं. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की मुलुंड-घाटकोपरचे पालक स्लो लोकलने शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठतात, बोरिवली-अंधेरीचे मुंबई सेंट्रलला उतरून नायर. कागद हातात येतो, पण तोवर वाचायला शिकवण्याची वर्षं निघून गेलेली असतात. रेमेडियल शिक्षण आठवड्यातून दोन-तीनदा, काही वर्षं चालावं लागतं आणि ते प्राथमिक शाळेतच सुरू झालेलं बरं. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोयही घाईत निवडू नये. अकरावीला कोणती शाखा हवी, हे मुलाशी आधी बोलायला हवं.

वर्गात करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील टिपणं देता येतात. एका वेळी एकच सूचना, काही गुण तोंडी उत्तरांना, मोठ्याने वाचायला लावून हसं न होऊ देणं, आणि लेखनिक घ्यायचाच असेल तर नववीपासून त्याच्यासोबत सराव. सांगून लिहवून घेणं हेही शिकावं लागतं.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षी मिळू शकतं. १४ आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी होते. दहावीची वाट पाहायचं कारणच नाही. पाचवी-सहावीच्या शिक्षकांनी यंदाच्या सहामाहीचे पेपर गठ्ठ्यात बांधण्याआधी पुन्हा एकदा चाळावेत. त्याच त्या चुका दिसल्या, तर लाल शेरा मारण्याऐवजी पालकांना शाळेत बोलवावं.